नंबर कितवा ते राहू दे, मोजलं काय ते छापा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

पॅलिएटिव्ह केअरमध्ये (म्हणजे गंभीर आजारात पेशंटचं दुखणं, त्रास कमी करणाऱ्या सेवेत) कुठला देश कितवा, ही बातमी दर काही वर्षांनी येते. ब्रिटन पहिला, खाली कुणीतरी शेवटचा, की झाली बातमी. अहो पण मोजलं काय, मोजलं कुणी, ते छापतच नाही कुणी.

2006 मध्ये जगभरातल्या देशांचे चार गट पाडले होते, काहीच हालचाल नाही इथपासून ते नेहमीच्या आरोग्यसेवेत मिसळत चाललंय इथपर्यंत. 2011 ला वरच्या दोन गटांचे परत दोन-दोन भाग केले, कारण देणग्यांवर चालणारी दोन-चार हॉस्पिस (शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची काळजी घेणाऱ्या संस्था) असलेला देश आणि बऱ्याच भागात सेवा पोचलेला देश एकाच खणात बसत होते. आणि त्या यादीत सगळ्यात वरच्या गटात ब्रिटन, अमेरिका, जपानच्या पंगतीला युगांडा! तिथे मॉर्फिनची, म्हणजे जबर दुखण्यावरच्या औषधाची, पावडर पाण्यात कालवून तोंडाने घ्यायचं पातळ औषध करतात, पेशंटला फुकट देतात, आणि डॉक्टर पुरत नाहीत म्हणून खास ट्रेनिंग झालेल्या नर्सनाही ते लिहून द्यायची परवानगी 2004 पासून आहे. पैसा असला की सेवा आपोआप येते, असं काही नाही.

मग मॉर्फिनचा खप मोजा, असं म्हणणारे आहेत. त्यात गोची अशी की ऑपरेशननंतर वापरलेलंही त्याच आकड्यात येतं, आणि अमेरिकेत तर या जातीच्या गोळ्यांचा खप इतका झाला की व्यसनाची साथच आली, त्याला चांगली सेवा कोण म्हणेल? पण आकडा शून्याच्या जवळ असेल तर मात्र शंकाच नको, तिथे लोक कळवळत मरतायत. म्हणजे तळाशी हा आकडा खरं बोलतो, वर गेलं की भरवसा नाही.

शिवाय माहिती देणार कोण, तर बरेचदा त्या-त्या देशातले मोजके एक्सपर्ट फॉर्म भरतात. धोरण आहे? हो. कोर्स आहे? हो. 2021 च्या 81 देशांच्या अभ्यासात कुठल्या गोष्टीला किती महत्त्व द्यायचं हे पेशंटचं केलेल्या नातेवाइकांना विचारलं, ते बरं केलं, पण मार्क शेवटी एक्सपर्टनीच दिले. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दरवर्षी साधारण 5 कोटी 68 लाख लोकांना ही सेवा लागते आणि मिळते जेमतेम 14 टक्क्यांना. उरलेल्यांच्या घरात एक्सपर्ट कधी गेलेलाच नाही, तो कशाचे मार्क देणार?

माझं म्हणणं, मार्क घरच्यांकडून घ्या, माणूस गेल्यावर काही महिन्यांनी. मॉर्फिन सुरू केलं तेव्हा पोट साफ व्हायचं औषध सोबत दिलं होतं का? (मॉर्फिनने बद्धकोष्ठ जवळपास ठरलेलाच, ते विसरणाऱ्याला हे काम येत नाही असं खुशाल समजा.) पातळ मॉर्फिन चार-चार तासांनी ठरवून द्या म्हणून सांगितलं होतं, का फारच दुखलं तर द्या म्हणून? मध्यरात्री दुखणं वाढलं तेव्हा फोन उचलला का कुणी? एवढं विचारायला फार मोठा सर्व्हे लागतो असं मला वाटत नाही, थोड्या घरांत विचारलं तरी बरंच कळेल.

तोवर निदान एवढं करा, पुढच्या वेळी तक्ता छापाल तेव्हा निकष कुठले होते आणि फॉर्म कुणी भरले ते शेजारी छापा. जागा नसेल तर झेंड्यांची चित्रं काढून टाका.

कळावे,
तुमची नेहमीची एक वाचक