हृदयाच्या झडपांविषयीही लिहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत गेल्या काही आठवड्यांत हृदयविकारावर जे लेख आले, ते मी काळजीपूर्वक वाचले. रक्तवाहिन्यांत साठणारी चरबी, छातीत येणारी कळ, अँजिओप्लास्टी, झटक्यानंतरच्या पहिल्या तासाचे मोल या सर्वांविषयी त्यांत नेमकी माहिती होती आणि ती वाचून कुणाचा तरी जीव वाचेल, असे मला मनापासून वाटते. मात्र या एकाही लेखात हृदयाच्या झडपांचा उल्लेख आला नाही. हृदय हा पंप आहे असे आपण सहज म्हणून जातो. पण त्याला पंप बनवतात त्या झडपाच. त्या नसत्या तर आवळताना रक्त दोन्ही बाजूंना फेकणारी ती एक स्नायूंची पिशवी ठरली असती. मी ३१ वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले आणि माझ्या आईला झडपेचाच आजार होता. या दोन्ही नात्यांनी हे पत्र लिहीत आहे.

दहावीच्या मुलांना मी दरवर्षी प्रयोगशाळेत बकऱ्याचे हृदय दाखवत असे. हृदयातून शरीराकडे रक्त नेणारी मोठी नळी, म्हणजे महाधमनी, झडपेच्या थोडी वर कापायची, हृदय हातात उभे धरायचे आणि त्या नळीत चंचुपात्रातून हळूहळू पाणी ओतायचे. पाणी खाली उतरेल अशी मुलांची अपेक्षा असे. प्रत्यक्षात आत तीन अर्धचंद्राकृती खिसे क्षणात फुगत, त्यांच्या कडा मधोमध एकमेकींना टेकत आणि पाणी त्यांच्यावर तोलून राही. अगदी पातळ, दुधावरच्या सायीसारखे वाटणारे ते पडदे पाण्याचा भार कसा पेलतात, हे पाहून वर्ग शांत होई. थोड्या वेळाने पाण्याची पातळी किंचित उतरे, आणि तेव्हा मी मुलांना खिशांच्या जरा वर असलेली दोन बारीक भोके दाखवत असे. पाणी तिथून झिरपत असे, कारण ती हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांची तोंडे असतात. ज्या धमन्या तुंबल्याने झटका येतो आणि ज्यांच्याविषयी आपण इतके वाचतो, त्यांचा उगम झडपेच्या अगदी उंबरठ्यावर आहे.

हृदयात अशा चार झडपा असतात. वरच्या दोन कप्प्यांना अलिंद आणि खालच्या दोन कप्प्यांना निलय म्हणतात. प्रत्येक बाजूला अलिंद आणि निलय यांच्यामध्ये एक आणि निलयातून बाहेर पडणाऱ्या मोठ्या धमनीच्या तोंडाशी एक, अशी त्यांची मांडणी असते. डाव्या बाजूच्या आतल्या झडपेला, जिला डॉक्टर मायट्रल म्हणतात, दोनच पाळ्या असतात. उरलेल्या तिघींना तीन-तीन. या पाळ्यांना हलवणारा स्नायू नसतो. ज्या बाजूचा दाब वाढेल त्या बाजूने रक्त त्यांना ढकलते, एवढेच त्यांचे यंत्र. निलय आवळू लागला की आतली झडप मिटते आणि बाहेरची उघडते. तो सैलावला की याच्या उलट घडते. आपण छातीला कान लावून ऐकतो ते ‘लब-डब’ म्हणजे या झडपा मिटतानाचे आवाज आहेत: ‘लब’ आतल्या दोघींचा आणि ‘डब’ धमन्यांच्या तोंडाशी असलेल्या दोघींचा.

मायट्रल झडपेची रचना तर थक्क करणारी आहे. तिच्या पाळ्यांच्या कडांना शुभ्र, चिवट दोऱ्या जोडलेल्या असतात आणि त्या दोऱ्यांची दुसरी टोके निलयाच्या भिंतीतून वर आलेल्या स्नायूंच्या उंचवट्यांना बांधलेली असतात. निलय आवळतो तेव्हा हे उंचवटेही आवळतात, दोऱ्या ताणल्या जातात आणि पाळ्या वाऱ्याने उलटणाऱ्या छत्रीसारख्या वर अलिंदात उलटत नाहीत. महाधमनीच्या झडपेमागची युक्ती वेगळी आहे. तिच्या पाळ्यांच्या मागे धमनीच्या भिंतीला लहान फुगवटे असतात. तिथे रक्ताचे भोवरे फिरतात आणि त्यांच्या आधाराने पाळ्या सफाईने मिटतात. लिओनार्दो दा विंची याने सुमारे १५१३ मध्ये बैलाच्या हृदयाचा अभ्यास करताना हे ओळखले होते. पाण्यात गवताचे बी सोडून काचेच्या प्रतिकृतीत तो प्रवाह पाहण्याची पद्धत त्याने आपल्या टिपणांत लिहून ठेवली आहे. विल्यम हार्वे याने रक्ताभिसरण सिद्ध करणारा ग्रंथ १६२८ मध्ये प्रसिद्ध केला, त्याच्याही शंभराहून अधिक वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

मिनिटाला ७० ठोके धरले तर प्रत्येक झडप दिवसाला सुमारे १ लाख वेळा उघडते आणि मिटते. ७० वर्षांच्या आयुष्यात अडीचशे कोटींहून अधिक वेळा. विश्रांतीच्या स्थितीतही दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त तिच्यातून जाते. त्यातही डाव्या बाजूच्या झडपांवरचा ताण मोठा असतो, कारण डाव्या निलयातील दाब पाऱ्याच्या १२० मिलिमीटरपर्यंत चढतो, तर उजव्यातील जेमतेम २५ पर्यंत. वयाबरोबर येणारी झीज आणि लहानपणी घसा सुजल्यानंतर येणाऱ्या संधिज्वराने होणारी हानी बहुतेक वेळा डाव्या बाजूला दिसते, त्यामागे हा दाबाचा फरकही आहे.

झडप बिघडते म्हणजे मुख्यतः दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर ती पुरती उघडत नाही, किंवा ती पुरती मिटत नाही. पुरती न मिटणाऱ्या झडपेतून रक्त मागे गळते. गळालेले रक्त पुढच्या ठोक्याला पुन्हा ढकलावे लागते, म्हणून कप्पा हळूहळू मोठा होत जातो आणि ही जादा मेहनत तो वर्षानुवर्षे निमूटपणे करतो. आकसलेल्या झडपेपुढे मात्र कप्प्याला जोर लावावा लागतो, त्याची भिंत जाड होते किंवा मागच्या बाजूला रक्त तुंबते. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखी आहे, आणि हे पत्र लिहिण्याचे खरे कारण तीच आहे. हा आजार इतक्या सावकाश वाढतो की रोगी त्याच्याशी जुळवून घेत राहतो आणि आपण आजारी आहोत हे त्याच्या स्वतःच्याही ध्यानात येत नाही.

माझ्या आईचे असेच झाले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षापासून ती जिना चढताना मधल्या पायरीवर थांबू लागली. थांबली की पदर नीट करायची, जणू काही त्यासाठीच थांबली होती. वाळत घालायचे कपडे ती दोन खेपांत घालू लागली. रात्री एका उशीच्या दोन उशा झाल्या, मग तीन, आणि कधी कधी पहाटे ती भिंतीला टेकून बसलेली दिसायची. विचारले तर म्हणायची, ‘‘जरा खोकला आहे रे, आडवं झालं की वाढतो.’’ आम्ही तिला डॉक्टरांकडे नेले. रक्तदाब ठीक निघाला, कोलेस्टेरॉल ठीक निघाले, ईसीजीतही विशेष काही नाही असे सांगण्यात आले. वजन आणि वय ही कारणे पुढे आली. तपासणीची नळी साडीवरूनच, दोन ठिकाणी, काही सेकंद टेकवली गेली होती. मीही त्या निदानावर विश्वास ठेवला. त्याच वर्षी मी वर्गात फळ्यावर मायट्रल झडपेची आकृती काढत होतो, आणि तिचा आईच्या तीन उशांशी काही संबंध असेल, हे माझ्या मनात एकदाही आले नाही. याची खंत मला आजही आहे.

निदान झाले ते चार वर्षांनी. दुसऱ्या एका डॉक्टरांनी तिला थोडे चालायला लावले, मग डाव्या कुशीवर झोपवले आणि नळीचे टोक उघड्या त्वचेवर, स्तनाच्या खाली, बराच वेळ धरून ठेवले. नंतर त्यांनी ती नळी माझ्या कानांत दिली. नेहमीच्या ‘लब-डब’नंतर जी शांतता असायला हवी, तिथे एक खोल, खालच्या पट्टीतली घरघर होती. दूर दुसऱ्या घरात कुणी जाते फिरवत असावे तशी. आकसलेल्या झडपेतून रक्त घुसळत उतरताना तो आवाज होतो. टू-डी इको, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र दाखवणाऱ्या तपासणीत झडपेचे तोंड १ चौरस सेंटिमीटरपेक्षा थोडे कमी भरले. निरोगी माणसात ते ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते, आणि दीडच्या खाली गेले की आजार तीव्र मानतात.

तिला बसल्या जागी काहीच त्रास का होत नव्हता आणि जिन्यावरच दम का लागत होता, याचे उत्तर वेळेच्या हिशेबात आहे. अलिंदातून निलयात रक्त उतरते ते दोन ठोक्यांच्या मधल्या सैलपणाच्या काळात. मिनिटाला ७० ठोके असताना हा काळ सुमारे अर्ध्या सेकंदाचा असतो; १२० ठोके झाले की तो जवळपास निम्म्यावर येतो. मोठ्या दारातून तेवढ्या वेळातही सारे रक्त निघून जाते. दार अरुंद असेल तर ते मागे अलिंदात, आणि तिथून फुप्फुसांत तुंबते. धाप लागते ती त्यामुळे. आडवे झाल्यावर पायांतले रक्त छातीकडे परतते, म्हणून उशांची संख्या वाढते. अलिंद ताणले गेले की त्याचे ठोके अनियमित होतात, त्यात रक्ताची गुठळी धरू शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. झडपेचा आजार कित्येकांना पहिल्यांदा कळतो तो असा.

आणि या साऱ्याचे मूळ तिच्या लहानपणात होते. ‘‘नऊ वर्षांची असताना ताप आला, आधी गुडघा सुजला, तो बरा झाला तर कोपर सुजलं,’’ ही हकिगत तिने आम्हाला अनेकदा सांगितली होती. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने घसा सुजल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना हा संधिज्वर होतो. जंतूंशी लढण्यासाठी उभी राहिलेली शरीराची यंत्रणा चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि झडपांवर उलटते. सांधे पूर्ण बरे होतात. झडपांवर मात्र व्रण राहतो, आणि तो वर्षानुवर्षे आकसत जातो. ५ ते १५ या वयातील मुलाचा जंतूंमुळे सुजलेला घसा वेळीच पेनिसिलिनने बरा केला तर संधिज्वर टळतो. एकदा झाला असेल तर दर तीन-चार आठवड्यांनी दिले जाणारे पेनिसिलिनचे इंजेक्शन पुढची हानी रोखते. हे इंजेक्शन दुखते आणि ते अनेक वर्षे घ्यावे लागते. मूल ठणठणीत दिसते, म्हणून पालक ते मध्येच सोडून देतात. इथे आपल्यासारख्या दैनिकाचे चार शब्द फार मोठे काम करतील.

उतारवयातील कथा निराळी आहे. महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियम साचून ती दगडासारखी होते. शंभरातील एक-दोन माणसांमध्ये या झडपेला जन्मतःच तीनऐवजी दोन पाळ्या असतात आणि त्यांच्यात हा आजार बराच लवकर दिसतो. श्रमाने दम लागणे, छातीत दुखणे आणि चालता-चालता भोवळ येऊन पडणे ही त्याची तीन लक्षणे. ती सुरू झाल्यावर झडप बदलली नाही, तर उरलेला काळ बहुधा दोन ते पाच वर्षांचाच असतो. म्हणून कुणी ज्येष्ठ व्यक्ती चालताना भोवळ येऊन पडली, तर केवळ अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नये. याशिवाय आधीच बिघडलेल्या किंवा कृत्रिम झडपेवर रक्तातील जंतू घर करू शकतात. हे जंतू अनेकदा दात-हिरड्यांतून येतात. अशा रुग्णाला बरेच दिवस ताप रेंगाळला, तर रक्ततपासणी होण्याआधी मनाने प्रतिजैविके घेणे घातक ठरते, कारण मग रक्तात जंतू सापडत नाहीत.

आकसलेली झडप औषधाने मोकळी होत नाही. औषधे त्रास कमी करतात. पण इलाज आहेत, आणि चांगले आहेत. योग्य रुग्णात मायट्रल झडप मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन रुंद करता येते. गळती झडप पुष्कळदा दुरुस्त होते. अल्बर्ट स्टार आणि लोवेल एडवर्ड्स यांनी घडवलेली, पिंजऱ्यात चेंडू असलेली कृत्रिम झडप १९६० मध्ये बसवली गेली, आणि २००२ मध्ये फ्रान्सच्या अलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, नळीवाटे महाधमनीची झडप बसवून दाखवली. धातूची झडप टिकते खूप, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते; प्राण्याच्या ऊतीपासून केलेल्या झडपेला सहसा ती लागत नाही, पण ती बहुधा दहा-पंधरा वर्षांत झिजते. माझ्या आईची झडप इतकी कडक झाली होती की फुग्याचा उपाय उरला नव्हता. तिला धातूची झडप बसवली. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या रात्री शांत खोलीत तिच्या छातीतून घड्याळासारखी टिकटिक मला स्पष्ट ऐकू आली. ती एका उशीवर झोपली होती.

आपणास विनंती अशी की, आरोग्य पुरवणीच्या येत्या एखाद्या अंकात तुंबलेल्या धमनीच्या चित्राशेजारी उघड्या आणि मिटलेल्या झडपेचेही चित्र छापावे, आणि हृदयरोगतज्ज्ञांकडून तीन गोष्टी साध्या शब्दांत लिहून घ्याव्यात: मुलाचा घसा आणि त्यानंतरची सांधेदुखी यांकडे पालकांनी कसे पाहावे, धाप, उशा आणि भोवळ यांविषयी घरच्यांनी डॉक्टरांना नेमके काय सांगावे, आणि छातीत वेगळा आवाज ऐकू आल्यास इको तपासणी का करावी. निरोगी मुलांच्या छातीतही पुष्कळदा निरुपद्रवी गुणगुण ऐकू येते, हेही त्यात यावे, म्हणजे पालक विनाकारण घाबरणार नाहीत. तपासताना नळी कपड्यांवरून न लावता त्वचेवर लावावी, असे रुग्णाने डॉक्टरांना नम्रपणे म्हणण्यात काही गैर नाही, हे वाक्य मात्र त्यात अवश्य असावे.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक