ड्राइव्ह फेकायच्या आधी सेटिंग बघा ओ

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्याकडं विंडोज एक्सपीवाला जुना डेस्कटॉप अजून चालू आहे. गड्डा यात्रेच्या आणि बहिणीच्या लग्नाच्या डीव्हीडी कॉपी करायला बसलो तर एकेका डीव्हीडीला पाऊण तास, वर माऊससुद्धा अडकत अडकत चालायला लागला. नवी पेठेतल्या एका दुकानदारानं बघितल्यासारखं केलं आणि डीव्हीडी ड्राइव्ह गेलाय, नवीन टाका म्हणून मोकळा झाला.

ड्राइव्ह ठणठणीत होता ओ! भानगड अशी की डिस्कवर ओरखडे असले आणि वाचताना 6 वेळा एरर आली की एक्सपी गुपचूप डीएमए (प्रोसेसरला मधे न घेता डेटा थेट मेमरीत न्यायची जलद पद्धत) सोडून खाली उतरत उतरत पीआयओ या सगळ्यात सावकाश मोडवर येतं, मग सगळा डेटा प्रोसेसरनंच वाहायचा, आणि डिस्क बदलली तरी ते आपणहून परत वर जात नाही. मी डिव्हाइस मॅनेजरमधनं (विंडोजमधली हार्डवेअरची यादी) सेकंडरी आयडीई चॅनल, म्हणजे ड्राइव्ह जिथं जोडलाय ती लाइन, अनइन्स्टॉल केला, मशीन रीस्टार्ट केलं, विंडोजनं तो परत शोधला, आणि चांगली डीव्हीडी दहा-बारा मिनिटांत उतरली. ड्राइव्हला जोडलेली आतली 40 तारांची पट्टी केबल काढून 80 तारांची पण टाकली, लगे हाथ.

दुकानदारांनी निदान एवढं बघून मग गिऱ्हाइकाला खर्च सांगावा.

एक वाचक, सोलापूर