चंद्रीची गोष्ट तुलाच सांगायची होती

प्रिय बापू,

दिवाळीपासून तुला फोन नाही, चार ओळी नाहीत. राग माझा होता, म्हणून आधी मीच लिहितोय. इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच.

चंद्रीनं फार घाबरवलं रे. व्यायला अठरा दिवस झाले होते. 22 लिटर देत होती, ती तीन दिवसांत 13 वर आली. गोळी पेंडीला तोंड लावेना, कडबा मात्र चघळत उभी राहायची. शेण घट्ट, वरून चकाकणारं. आणि डेअरीच्या पावतीवर फॅट 3.7 वरून थेट 4.9! मी खूश झालो. दूध घटलं तरी दर तरी चांगला मिळेल, असं वाटलं. तिच्या अंगावरची चरबी वितळून दुधात उतरतेय, हे ध्यानातच आलं नाही.

आधी एकाने कॅल्शियमची बाटली चढवली. उतार नाही. मग मी गूळ चारला. शेवटी हीच म्हणाली, "चंद्रीच्या तोंडाला नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास येतोय." मी नाक लावलं, मला काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, हा वास पुष्कळांना येतच नाही. (आता तू म्हणशील, तुझ्या नाकाला विड्याच्या धुरापलीकडे काय कळणार! म्हण.) त्यांनी रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला, मशीनवर किटोनचा आकडा आला 3.1. म्हणे 1.2 पासूनच सावध व्हायचं. किटोसिस, म्हणजे खाणं पुरत नाही म्हणून गाय अंगातली चरबी जाळते आणि त्यातून हे किटोन रक्तात साठतात.

मानेच्या शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, सावकाश सोडलं. पण त्याचा जोर काही तासांचाच, म्हणून पाच दिवस रोज 300 मिली प्रॉपिलीन ग्लायकॉल, ज्यापासून अंगात साखर बनते ते औषध, पाजायला सांगितलं, तेही मान फार वर न करता, नाहीतर फुफ्फुसात जातं. गूळ पोटातच आंबून जातो, त्याने रक्तातली साखर फारशी वाढत नाही.

मग त्यांनी विचारलं, "आटवल्यावर खुराक किती होता?" बापू, तू डोळ्यांसमोर उभा राहिलास. बांधावर तू म्हणाला होतास, भाकड गाईला सहा किलो खुराक कशाला, लठ्ठ झालेली गाय व्याल्यावर खात नाही, अंगातलंच जाळते. आणि मी म्हणालो, तुला माझ्या गायीचं सुख बघवत नाही. असं मी तुला बोललो. तुमच्याच ढवळीची लेक ना ती.

आज सकाळी तिनं घमेल्यात तोंड घातलं ते रिकामं करूनच वर काढलं. मी तिथंच बसून राहिलो.

तुझी बदली झाली का? धाकटीचं कॉलेज कुठे ठरलं? वहिनींना नमस्कार.

कपिलेला पुढच्या महिन्यात आटवायचीय. तिच्या बरगड्या चाचपून खुराक किती ठेवायचा ते तू सांग. रविवारी ये.

तुझा,
दत्ता