जिवतीच्या शुक्रवारी

देवरुख,
श्रावणातला दुसरा शुक्रवार

चि. सौ. मनूस,
अनेक आशीर्वाद.

बुधवारी तू फोन ठेवलास, त्यानंतर मी पुन्हा लावला नाही. हात दोनदा गेला, पण नाही लावला. बाबा म्हणाले, पत्र लिही, तिला वाटेल तेव्हा वाचेल, नाही वाटलं तर ठेवून देईल. म्हणून लिहायला बसले.

"माझं पोट म्हणजे गावचा चव्हाटा नाही, आई." दोन दिवस हेच कानात आहे. खरं आहे तुझं. तुझ्या टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांचं काकूंना मी सांगायला नको होतं. त्यांनी माझा चेहरा बघून ओळखलं असं मी तुला म्हटलं, ते अर्धंच खरं. मला कुणाला तरी सांगायचं होतं. चार वर्षं हे एकटीनं मनात धरून मी दमले होते. पण दमायचा हक्क आधी तुझा, माझा नंतर. त्यांनी लगेच मार्लेश्वराला नवस बोलून तुला फोन केला, यात त्यांची माया आहे, पण तो फोन ट्रान्स्फरच्या, पोटात गर्भ ठेवल्याच्या, दुसऱ्याच दिवशी तुला घ्यावा लागला तो माझ्यामुळे. माफ कर.

या पत्राला उत्तर नको. बीटा, ती गर्भ रुजला का बघायची रक्ताची तपासणी, कधी आहे, किती आला, काही विचारणार नाही. फक्त एवढं कळव, लघवी नीट होते ना? पायांना सूज नाही ना? सकाळी उठल्यावर वजन करतेस का?

बघ, विचारलंच. या वेळी बीजं काढलेली नाहीत, गोठवलेले गर्भ ठेवलेत, तेव्हा मागच्यासारखं पोटात पाणी व्हायचं कारण नाही, हे मला समजतं. ३५ वर्षं नर्सची नोकरी केली आहे. पण मागच्या वर्षी तेवीस बीजं निघाली म्हणून तू फोनवर किती आनंदानं सांगितलंस! तेवीस आकडा ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता, आणि मी मात्र "छान, छान" म्हणत राहिले. चार दिवसांत तुझं वजन सहा किलो वाढलं, श्वास लागायला लागला, तुला ॲडमिट केलं, आणि मला कळलं ते तू घरी परतल्यावर. अमेयराव म्हणाले, "आई, तुम्ही काळजी कराल म्हणून सांगितलं नाही." आता रोजची काळजी करते मी, मनू. रात्री पाऊस लागला की जाग येते आणि पहिला विचार येतो तो हाच, की आत्ताही काही होत असेल आणि मला सांगितलं नसेल.

तेवीसातली सतरा पक्व, बारा फळली, पाचव्या दिवसापर्यंत टिकले चार गर्भ. एक दिवाळीत ठेवला, एक फेब्रुवारीत. हे आकडे मला पाठ आहेत. फेब्रुवारीतला बीटा २१२ आला तेव्हा बाबांनी देवापुढे साखर ठेवली. ४८ तासांनी तो जवळपास दुप्पट व्हायला हवा होता. २४० आला. तू फोनवर म्हणालीस, "वाढलाय ना आई, थोडा तरी वाढलाय." मला त्याच क्षणी कळलं होतं, पण मी म्हटलं, "हो, वाढलाय." ते बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता येत नाही. पेशंटला खोटा धीर द्यायचा नाही हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. पण तू पेशंट नव्हतीस ना.

आणि तुझं कौतुक मी कधी केलंच नाही, ते आज करते. दादाच्या लग्नाला तू आलीस तेव्हा फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे तुझी इंजेक्शनची पेनं दिसली. सगळ्यांना तू सांगितलं होतंस, सासूबाईंचं इन्सुलिन आहे. लेबल वाचल्यावर मला कळलं. मी काही बोलले नाही, फक्त ती मागच्या भिंतीपासून काढून मधल्या फळीवर ठेवली, कारण मागे गोठतं आणि गोठलं की औषध गेलं. लसींसाठी जन्मभर हेच केलं, दोन ते आठ अंश, दोन ते आठ अंश. त्या रात्री हळदीचा एवढा गोंधळ चालला होता, आणि तू मागच्या खोलीत दार लावून बरोबर साडेआठला चिमटीत पोट धरून स्वतःला इंजेक्शन दिलंस. मी दाराच्या फटीतून बघितलं. हात कापला नाही तुझा. लहानपणी लसीच्या दिवशी तू भाताच्या कणगीमागे लपायचीस, आणि मी, गावातल्या सगळ्या पोरांना टोचणारी, तुला टोचायला दुसऱ्या सिस्टरला बोलवायची. ती तू. मला तेव्हा आत येऊन तुझ्या पाठीवर हात ठेवायचा होता. बाहेर उभी राहिले ती राहिलेच.

६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईत केईएम हॉस्पिटलमध्ये हर्षाचा, त्या टेस्ट ट्यूब बेबीचा, जन्म झाला, तेव्हा मी रत्नागिरीला एएनएमचं, गावोगावच्या नर्सबाईचं, ट्रेनिंग घेत होते. ते घडवून आणणाऱ्या डॉ. इंदिरा हिंदुजांची बातमी आम्ही मुलींनी इतक्यांदा वाचली की हॉस्टेलमधला तो पेपर घडीवर फाटला. आम्हाला वाटलं, सुटला आता हा प्रश्न, आता कुणा बाईला वांझ म्हणणार नाहीत. पेपरात बाळ दिसलं. त्याच्या आधीचं काही दिसलं नाही. किती सुया, किती सोनोग्राफ्या, किती वेळा नुसतं वाट बघत बसणं, ते आता तुझ्याकडे बघून कळतंय.

आणि नोकरीत तरी मी काय केलं? पात्र जोडप्यांचं रजिस्टर घेऊन वाडीवाडीतून फिरायचे. माझ्या पिशवीत निरोध, माला-एन, तांबीसाठी नावं लिहायची वही. मार्च आला की टार्गेट. नको असणाऱ्यांसाठी माझ्याकडे सगळं होतं. वरच्या वाडीत एक होती, लग्नाला नऊ वर्षं झालेली. दर महिन्याला ओढ्यापर्यंत माझ्याबरोबर चालत यायची आणि विचारायची, "बाई, माझ्यासाठी काय गोळी नाय?" मी सांगायचे, मोठ्या दवाखान्यात जा, नवऱ्यालाही घेऊन जा, त्याची तपासणी आधी होऊ दे, ती सोपी असते. नवरा काही आला नाही. मग तिनं विचारणं बंद केलं, आणि खरं सांगते मनू, मला सुटल्यासारखं झालं. तिच्याशी बोलायला माझ्याकडे शब्दच नव्हते. आजही नाहीत, म्हणून तुला लघवी आणि सूज विचारत बसते.

तुझ्या वेळी तरी मी वेगळं वागले का? तुझी ट्यूबची टेस्ट आधी झाली, तू कळवळलीस, आणि अमेयरावांची साधी तपासणी चार महिन्यांनी. तेव्हा मी बोलायला हवं होतं. त्यांच्या रिपोर्टात काय आलं ते मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. ते तुझ्या उशाशी बसून असतात एवढं मला पुरे.

आता जे लिहायला सकाळपासून धीर होत नव्हता, ते लिहिते. छोटीच्या डोहाळजेवणाला मी तुला वड्या थापायला आत बसवलं. ओटी भरायला पाच जणी बोलावल्या, तुला हाक मारली नाही. तू ताट घेऊन बाहेर आलीस, बघितलंस, ताट खाली ठेवून परत आत गेलीस. तू समजलीस की काकूंनी किंवा छोटीच्या सासरच्यांनी सांगितलं असेल. कुणीही सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं. कुणी काही बोलायच्या आधी आपणच नको म्हणून. आणि ही मी, जिनं घरोघर जाऊन बायकांना सांगितलं की असं काही मानू नका. त्यानंतर तू कुठल्याही हळदीकुंकवाला आली नाहीस. मी कारण कधी विचारलं नाही, कारण मला ठाऊक होतं.

आज जिवतीची पूजा केली. आघाड्याची माळ, दूर्वा, चणे-फुटाणे, दुधाचा नैवेद्य, सगळं नेहमीसारखं. कहाणी वाचली. ती तुला आठवते ना, राणीला मूल नसतं, ती सुइणीकरवी ब्राह्मणाच्या बायकोचं तान्हं पळवून आणते आणि त्या बाईपुढे वरवंटा ठेवते. एवढी वर्षं मी त्या बाईसाठी रडले. ती दर शुक्रवारी तांदूळ उडवते, जिथे माझं बाळ असेल तिथे खुशाल असो म्हणते, आणि ते तांदूळ जाऊन पोराच्या डोक्यावर पडतात. आज पहिल्यांदा मी राणीपाशी अडकले. नऊ महिने ती पोटावर लुगड्याच्या घड्या बांधून हिंडली. डोहाळ्यांचं सोंग केलं. चोरी ती चोरीच, पण राजवाड्यात एकीलाही तिला म्हणता आलं नाही का, की राणी, सोड त्या घड्या, आहेस तशी बस आमच्यात? पुढे वाचवेना. बाबांनी पुरी केली कहाणी.

बाबा तुझ्याविषयी काही बोलत नाहीत, तुला माहीत आहे त्यांचं. पण कॅलेंडरवर पुढच्या शनिवारच्या चौकोनात पेन्सिलीनं बारीक टिंब केलंय. मी बघितलं हे त्यांना माहीत नाही.

हे दोन शेवटचे ठेवले ना गं? म्हणजे आता फ्रीज केलेलं काही उरलं नाही. मला शनिवारची भीती नाही, मनू. शनिवारनंतरच्या सोमवारची आहे. नाही झालं तर तू पुन्हा पहिल्या सुईपासून सुरू करशील, पुन्हा वीस-बावीस बीजं, पुन्हा ते पोट, आणि मला सांगणार नाहीस. तुझ्या अंगाला थोडी उसंत दे. थांबायचं असेल तर थांब. सासरचे काय म्हणतील, काकू काय म्हणतील, मी काय म्हणेन, काही बघू नकोस. बाईचं शरीर म्हणजे काही... जाऊ दे. उपकेंद्राच्या ओट्यावर बसल्यासारखी बोलायला लागले. तुला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि थांब म्हणणं म्हणजे तुला यश येणार नाही असं म्हणणं नव्हे, हे मी कसं लिहावं ते मला समजत नाही. तुला पुन्हा करायचं असेल तर कर. मी येईन, इंजेक्शनं देईन, गुपचूप राहीन. ठेव मोडायची तर मोडू, ती तुझ्याच नावची आहे. फक्त या वेळी मला सांगून कर. ॲडमिट झालीस तर त्याच दिवशी सांग. रात्रीची एसटी असते इथून.

शनिवारपर्यंत घरी पट्टीवर बघू नकोस, उगाच जीव टांगणीला. थोडं डाग-बिग दिसलं म्हणजे सगळं संपलं असं नसतं, औषधं आपल्या मनानं बंद करायची नाहीत. काकूंनी पपई, अननस, जिना असं काय काय सांगितलं असेल, तर एवढंच, जिना चढल्यानं गर्भ पडत नाही. बेताचं चाल, कामावर जावंसं वाटलं तर जा.

गणपतीला यायचं की नाही ते तुझं तू ठरव. न आलीस तर कुणाला काही सांगायचं नाही, मीही सांगणार नाही. आलीस तर ओटी भरायला पहिली हाक तुला. छोटीच्या बाळाचं बारसं त्याच आठवड्यात आहे. तुला नको वाटलं तर आपण दोघी त्या दिवशी मागच्या पडवीत बसू, मी बारशाला जाणार नाही.

संध्याकाळी पुरणाचे दिवे केले. दादाला ओवाळलं. मग अक्षता घेऊन अंगणात गेले, पाऊस होताच. मूल परगावी असलं की चारी दिशांना टाकायच्या असतात. मी सगळ्या घाटाच्या बाजूला टाकल्या.

तुझी,
आई

ता. क. कमरेवरच्या सुयांच्या गाठी दुखत असतील. ते औषध तेलातलं असतं, लवकर विरघळत नाही. गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून दहा मिनिटं शेक, त्याच जागी रोज टोचू देऊ नकोस, बाजू बदलायला सांग. आणि वजनाचा आकडा एकदा पाठव. नुसता आकडा, बाकी काही लिहू नकोस.