सुविचाराच्या फळ्यावर एखादा प्रश्न लिहा ना!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

५ सप्टेंबर जवळ आला की व्हॉट्सअपवर गुरुब्रह्मा गुरुविष्णूचे मेसेज सुरू होतात, शाळेत मुलं गुलाब देतात, भाषणं होतात, मुलं एक दिवस शिक्षक होतात. मला हे सगळं आवडतं, मी स्वतः तालुक्याच्या गावी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. पण यंदा मला या दिवसाच्या निमित्ताने एका शिक्षकाबद्दल लिहायचंय आणि त्यातूनच एक मागणी पण करायचीय, जमलं तर छापा ही विनंती.

ते शिक्षक म्हणजे खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर सर. २० मे २०२५ ला सरांचं पुण्यात निधन झालं तेव्हा सगळीकडे गुरुत्वाकर्षणाचा हॉयल-नारळीकर सिद्धांत, केंब्रिज, पद्मविभूषण, महाराष्ट्र भूषण असं बरंच छापून आलं आणि ते यायलाच हवं होतं. माझ्या मनात मात्र सगळ्यात जास्त राहिली ती पोस्टकार्डांची गोष्ट. व्याख्यान संपलं की मुलं वह्या घेऊन सहीसाठी गर्दी करायची, तर सर सांगायचे की मला पोस्टकार्डवर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर देईन आणि त्या उत्तराखाली माझी सही असेलच. आणि खरंच उत्तरं जायची! एवढा मोठा शास्त्रज्ञ, आयुकासारखी (पुण्यातली खगोलशास्त्राची संशोधन संस्था) संस्था उभी करायचं काम डोक्यावर, आणि कुठल्यातरी गावातल्या सातवीच्या पोराला ग्रहणाबद्दल नाहीतर ताऱ्यांबद्दल उत्तर लिहितोय. त्या पोराला केवढं वाटलं असेल विचार करा. सही घरी कपाटात पडून राहते, पण आपला प्रश्न कुणीतरी मन लावून वाचला हे मूल आयुष्यात विसरत नाही, हे मी वर्गात रोज बघते.

सरांच्या नम्रपणाची अजून एक गोष्ट सांगते, बऱ्याच जणांना माहीत असेल. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने गोष्ट पाठवली, स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून (ज. वि. ना. चं ना. वि. ज.). अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून ती लिहून घेतली. तेव्हा सर मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) प्रोफेसर होते, पद्मभूषण मिळून नऊ वर्षं झाली होती, नुसतं नाव लिहिलं असतं तरी परीक्षक हरखून गेले असते. त्यांना मात्र गोष्ट गोष्ट म्हणून कशी आहे ते बघायचं होतं. पहिलं बक्षीस मिळालं आणि पुढे मराठीतली विज्ञानकथा कुठल्या कुठे गेली. परीक्षकांनी आपल्याला नावामुळे मार्क देऊ नयेत असं वाटणारा माणूस मला तरी दुसरा माहीत नाही.

आणि मोकळेपणा म्हणाल तर तो आयुकात दिसतो. सर शेवटपर्यंत बिग बँगच्या विरोधात होते, विश्वाला असा एका क्षणी आरंभ झाला हे त्यांना पटत नव्हतं, १९९३ मध्ये फ्रेड हॉयल आणि जेफ्री बर्बिज या शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी आपला वेगळा सिद्धांत मांडला, जगातले बहुतेक शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला असताना! पण १९८८ मध्ये सुरू झालेल्या ज्या संस्थेचे ते पहिले संचालक, तिथेच बिग बँग धरून काम करणारी माणसं होती आणि त्यांना पूर्ण मोकळीक होती. ताणू पद्मनाभन हे सरांचेच पीएचडीचे विद्यार्थी, त्यांनी डार्क एनर्जीवर (विश्वाचं प्रसरण वेगाने वाढवणाऱ्या अदृश्य ऊर्जेवर) काम करून जगात नाव काढलं. तरुण सौरदीप नावाचे शास्त्रज्ञ तर बिग बँगनंतर उरलेल्या प्रारणाचाच (रेडिएशनचा) अभ्यास करत होते. साहेबाच्या मताविरुद्ध बोललं तर काय होतं हे आपल्याकडे कुठल्याही ऑफिसात काम करणाऱ्याला वेगळं सांगायला नको, म्हणून मला ही गोष्ट पुरस्कारांपेक्षा मोठी वाटते. अजित केंभावी हेही त्यांचे विद्यार्थी, तेही पुढे आयुकाचे संचालक झाले.

ज्योतिषाच्या बाबतीतही तेच. नुसतं थोतांड म्हणून सोडून न देता २००८ च्या सुमारास त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांबरोबर चाचणी घेतली, हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र करून ज्योतिषांना ओळखायला दिल्या. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, ४६ टक्के बरोबर निघाली, म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं तरी तेवढीच आली असती. समोरच्याला पूर्ण संधी देऊन मग बोलायचं ही त्यांची पद्धत.

हे सगळं आलं कुठून तर मला वाटतं बनारसच्या त्यांच्या घरातून. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आणि एमएस्सीसाठी त्यांच्याकडे राहायला आलेले मोरूमामा हुजूरबाजार घरातल्या फळ्यावर भाच्यासाठी एक अवघड गणित लिहून ठेवायचे, वर मथळा 'चॅलेंज प्रॉब्लेम फॉर जेव्हीएन'. भाच्याने सोडवेपर्यंत किंवा हरलो म्हणेपर्यंत ते गणित तिथेच राहायचं. मामाने उत्तर सांगून टाकलं नाही आणि सोडव म्हणून मागेही लागले नाहीत. नववीला शिकवताना उत्तर न सांगता थांबणं किती कठीण असतं ते शिक्षकालाच कळेल, सिलॅबस संपवायचा असतो, चाचणी परीक्षा डोक्यावर असते, आणि मुलांचा पहिला प्रश्न "मॅडम हे परीक्षेला येणार का" हाच असतो. मुलांना दोष देऊन उपयोग नाही, आपणच पाचवीपासून त्यांना गाईडमधली तयार उत्तरं पाठ करायला लावतो मग प्रश्न सुचणार कसे.

आता मागणी. आपल्या जवळपास प्रत्येक शाळेत दाराशी एक फळा असतो, त्यावर रोज सुविचार लिहितात. आठवड्यातून एक दिवस, सोमवार म्हणा, त्यावर सुविचाराऐवजी एक प्रश्न लिहावा आणि उत्तर आठवडाभर कुणी सांगू नये, शिक्षकांनी पण नाही. आकाश संध्याकाळी लाल का दिसतं, माठातलं पाणी पावसाळ्यात तेवढं गार का होत नाही, असे साधे प्रश्न चालतील. आम्ही आमच्या शाळेत सुरू केलंय, मधल्या सुट्टीत फळ्यापाशी भांडणं होतात (चांगली भांडणं!) आणि एरवी वर्गात तोंड न उघडणारी मुलं तिथे हिरिरीने बोलतात. मग काही प्रश्न असे येतात की मलाही उत्तर येत नाही, तेव्हा मी मुलांना सांगते की मला माहीत नाही, आपण मिळून शोधू. त्याने माझा मान कमी झाल्याचं मला कधी जाणवलं नाही, उलट मुलं दुसऱ्या दिवशी घरून काहीतरी शोधून आणतात आणि मला समजावून सांगतात.

शाळांसाठी अजून एक, पुण्याला सहल नेणार असाल तर शनिवारवाडा, सारसबाग कराच पण आयुकाची मुलांसाठीची विज्ञान शोधिका पण बघा, आधी विचारून वेळ घ्या म्हणजे झालं. पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून ती झालीय आणि अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवायचं काम तिथेच बसून कितीतरी वर्षं केलं.

आणि तुमच्याकडे मागणी अशी की रविवारच्या पुरवणीत चार बोटं जागा मुलांच्या प्रश्नांसाठी ठेवा. प्रश्न पोस्टकार्डवरच मागवा, मोबाइल नसलेल्या घरातली मुलं पण पाठवतील. उत्तरं द्यायला राज्यातल्या विद्यापीठांमधले प्राध्यापक नक्की तयार होतील, विचारून तर बघा. आमच्या नववीची पहिली गठ्ठाभर कार्डं मी स्वतः पोस्टात टाकते, फक्त पत्ता छापा.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, जि. सातारा