उघडी दुर्बीण आणि दिवसाचे ऊन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी २०२२ मधील गोष्ट आहे. त्या दिवसांत शुक्र पहाटे पूर्वेला दिसत होता आणि दुर्बिणीतून त्याची चंद्रासारखी कोर फार देखणी दिसत असे. ती पाहण्यासाठी माझा नातू आणि मी साताऱ्यातील आमच्या घराच्या गच्चीवर १५० मिलिमीटर व्यासाची आरशाची दुर्बीण मांडून पहाटे पाचपासून बसलो होतो. उजाडू लागले तसा शुक्र फिकट झाला आणि नातवाची शाळेची वेळ झाली. त्याने आयपीस, म्हणजे डोळा लावायचे भिंग, काढून डबीत ठेवला, आयपीसच्या नळीवर प्लॅस्टिकची टोपी बसवली आणि अंगावर साचलेले दव वाळावे म्हणून दुर्बीण तशीच, तोंड उघडे ठेवून, गच्चीवर सोडून आम्ही खाली आलो. तोंड उघडे राहू दे, असे त्याला सांगणारा मीच होतो.

साडेआठच्या सुमारास माझी पत्नी धुणे वाळत घालायला गच्चीवर गेली आणि तिने मला घाबरून हाक मारली. आयपीसच्या नळीतून धुराची बारीक रेघ निघत होती आणि प्लॅस्टिक जळल्याचा उग्र वास सुटला होता. टोपीला भोक पडले होते, पण ते गोल नव्हते. सुमारे ७ मिलिमीटर रुंदीची एक चर टोपीच्या एका कडेपासून मध्यापर्यंत सरळ कोरत आली होती. वितळलेल्या प्लॅस्टिकचा एक थेंब खाली अंथरलेल्या गोधडीवर पडला होता आणि तिथला कापूस धुमसत होता. पत्नीने बादलीतले पाणी ओतले आणि तिथेच सारे मिटले. ती अर्धा तास उशिरा वर गेली असती तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही, कारण गोधडीशेजारीच हिरव्या शेडनेटचा आडोसा होता आणि त्याला लागून लाकडाची जुनी कपाटे ठेवलेली होती.

मी आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवले, तरीही हे माझ्या ध्यानात आले नव्हते. चंद्र, ग्रह आणि सूर्य हे सारे आकाशातील साधारण एकाच वाटेने जातात. त्यामुळे पहाटे पूर्वेच्या ग्रहावर रोखलेली दुर्बीण तशीच सोडली, तर दोन-अडीच तासांनी सूर्य चढत चढत पुष्कळदा तिच्या तोंडासमोरच येतो. त्या दिवशी शुक्र आणि सूर्य यांची वाट जवळजवळ तंतोतंत एकच होती. टोपीवरची चर म्हणजे सूर्याच्या सरकत्या प्रतिबिंबाने स्वतःच काढलेली रेघ होती.

आकडे सांगतो, कारण आकड्यांवाचून हा धोका कोणाला खरा वाटत नाही. निरभ्र दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट इतकी सौर ऊर्जा पडते, म्हणजे १५० मिलिमीटरच्या आरशाच्या वाट्याला साधारण १७ वॅट येतात. सतरा वॅट म्हणजे काही मोठी गोष्ट नव्हे, असे वाटेल. पण रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचाच असतो आणि त्यावर शिसे-कथिलाची तार पाण्यासारखी वितळते. आमच्या दुर्बिणीचे नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतचे अंतर, ७५० मिलिमीटर आहे. तेवढ्या अंतरावर सूर्याचे प्रतिबिंब ७ मिलिमीटरचे पडते आणि तिथे ऊन सुमारे साडेचारशे पट तीव्र होते. शिर्डीच्या प्रसादालयात सूर्यतबकड्यांवर वाफ तयार करून भाविकांचा स्वयंपाक केला जातो, तो याच तत्त्वावर. लंडनमध्ये २०१३ साली एका उंच इमारतीच्या अंतर्वक्र काचेच्या भिंतीवरून परावर्तित झालेल्या उन्हाने खाली उभ्या असलेल्या मोटारीचे भाग वितळले होते. तिथे भिंतीला नुसता बाक होता. आपल्या दुर्बिणीतील आरसा तर प्रकाश एका ठिकाणी आणण्यासाठीच घासलेला असतो.

यावरून लहान दुर्बीण निर्धोक ठरत नाही, कारण उन्हाची तीव्रता व्यासावर नव्हे, तर व्यास आणि नाभीय अंतर यांच्या प्रमाणावर ठरते. मोठ्या नळीवर नेम धरण्यासाठी बसवलेली ५० मिलिमीटरची छोटी दुर्बीण, म्हणजे फाइंडर, घ्या. त्याचे नाभीय अंतर २०० मिलिमीटर असेल, तर त्याच्या नाभीत ऊन सातशे पटींहून अधिक तीव्र होते. त्यात एकूण उष्णता दोन वॅटच असते, पण लहानपणी भिंगाने कागद जाळलेल्या कोणालाही दोन वॅट म्हणजे काय ते ठाऊक आहे. मोठ्या नळीला झाकण लावून फाइंडर उघडा ठेवणारे मी अनेक पाहिले आहेत. काही दुर्बिणींच्या मोठ्या झाकणातच एक छोटे झाकण असते. तेही निघून पडलेले असते आणि कोणाचे लक्ष नसते.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. डॉबसोनियन पद्धतीची, म्हणजे जमिनीवरच्या साध्या फिरत्या बैठकीवर ठेवायची, दुर्बीण वापर झाल्यावर नळी उभी करून ठेवण्याची सर्रास पद्धत आहे, कारण तशी ती कमी जागा अडवते. उत्तरेकडच्या थंड देशांत सूर्य कधीच डोक्यावर येत नसल्याने तिथे ते चालून जाते. साताऱ्यात मात्र १० मेच्या सुमारास आणि सांगलीत त्याच्या तीन-चार दिवस आधी सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून आपण शाळेच्या मैदानावर तो मुलांना दाखवतोही. इतकेच नव्हे, तर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत साताऱ्याचा दुपारचा सूर्य खमध्यापासून, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून, सहा अंशांच्या आतच असतो. उभी ठेवलेली उघडी नळी म्हणजे या दिवसांत थेट सूर्याकडे रोखलेली नळी होय, आणि त्यातले एप्रिल-मेचे निरभ्र दिवस सर्वांत कोरडे असतात.

यवतेश्वरच्या पुढे, कासच्या रस्त्याला रात्रीच्या निरीक्षणासाठी जाणाऱ्या तरुणांची मला सर्वांत अधिक काळजी वाटते. रात्रभर जागून पहाटे सगळे झोपतात, दुर्बिणी तशाच उभ्या राहतात आणि भोवती गुडघाभर वाळलेले गवत असते. आपले डोंगर दर उन्हाळ्यात वणव्याने काळे पडतात. त्यात आपल्या हौसेची भर पडता कामा नये. गावाकडे अंगणात दुर्बीण लावणाऱ्यांनी कडब्याची गंजी आणि पाचटाचे ढीग किती जवळ आहेत, हेही पाहावे.

स्वतः आरसे घासून दुर्बिणी बनवणाऱ्यांना एक वेगळी विनंती आहे. धुतलेला आरसा वाळवण्यासाठी खिडकीत उभा करून ठेवू नये. आरसा नळीत असताना सूर्य ठरावीक दिशेला असेल तरच ऊन आरशापर्यंत पोहोचते. नळीबाहेरच्या आरशाला ते बंधन उरत नाही आणि त्याची नाभी पडद्यावर पडेल की पुस्तकांच्या फडताळावर, हे सांगता येत नाही.

उपाय अगदी साधा आहे. शेवटचे निरीक्षण झाले की आयपीस काढण्याआधीच मोठे झाकण आणि फाइंडरची दोन्ही झाकणे लावावीत. दव वाळवायचे असेल तर ते घरात, सावलीत वाळवावे. नुसती चादर टाकून भागत नाही, कारण साताऱ्याचा वारा ती क्षणात उडवून नेतो. झाकण हरवले असेल तर नळीचे तोंड ध्रुवताऱ्याकडे वळवून ठेवावे. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १७ ते १८ अंशांवर असतो आणि सूर्य वर्षभरात कधीही त्या बाजूला फिरकत नाही. हे मात्र नवे झाकण मिळेपर्यंतच, आणि तेही दिवसा कोणी नळी हलवणार नसेल तरच.

२ ऑगस्ट २०२७ रोजी होणारे सूर्यग्रहण आपल्याकडे खंडग्रास दिसणार आहे आणि त्या वेळी शाळाशाळांतून कपाटातल्या दुर्बिणी बाहेर निघतील. त्याआधी विज्ञान शिक्षकांनी आपल्या दुर्बिणीची झाकणे जागेवर आहेत का, ते पाहून घ्यावे. आयपीसला लावायची काळी सौर काच पेटीत सापडली तर ती फोडून टाकावी. ती नाभीजवळच्या उष्णतेने तडकते आणि त्या क्षणी कोणाचा तरी डोळा तिथे असतो. सौर फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावरच बसवायचा असतो.

विक्रेत्यांनी पेटीवर मराठीतून ठळक सूचना छापावी, अशी माझी मागणी आहे. आमच्या दुर्बिणीच्या माहितीपुस्तिकेत सूर्याकडे पाहू नये, एवढेच लिहिले होते. न पाहतासुद्धा ती सूर्यासमोर ठेवू नये, हे कुठेच नव्हते. आपल्या वृत्तपत्रात दर महिन्याला आकाशदर्शनाची माहिती येते. तिच्या शेवटी, निदान फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत, दुर्बीण झाकून ठेवण्याची एक ओळ आपण छापावी, ही विनंती. आमची जळालेली टोपी मी जपून ठेवली आहे. छायाचित्रासाठी हवी असल्यास कार्यालयात आणून देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, सातारा