ट्रामच्या वाटेने दादरपर्यंत

मुंबई, ५ एप्रिल २०२६

ती. आई व ती. बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

आपण फोनवर रोज बोलतो, पण बाबांना हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही आणि हे मला घाईत सांगायचं नाहीये. म्हणून पत्र. आई, जेवणं आटपली की ओटीवर बसून मोठ्याने वाचून दाखव.

बाबा, गेल्या मंगळवारी ३१ मार्च होता. १९६४ साली याच तारखेला रात्री दहा वाजता बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम सुटली, हे तुमच्या तोंडून ऐकून ऐकून मला पाठ झालंय. गेल्या मंगळवारी रात्री मी आणि तुमचा नातू ओजस बोरीबंदर ते दादर चालत गेलो. नऊएक किलोमीटर. क्रॉफर्ड मार्केट, पायधुनी, भायखळा, लालबाग, परळ. तुम्ही सांगता त्याच क्रमाने.

चालायचं कारण सांगते. गणपतीत तुम्ही पंगतीत ट्रामचा विषय काढलात आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, "बाबा, किती वेळा तेच तेच!" तुम्ही काही बोलला नाहीत. ताटात वाढलेला मोदक तसाच ठेवून उठलात. ते माझ्या मनातून जात नव्हतं. मग परत आल्यावर मी ट्रामबद्दल मिळेल ते वाचायला लागले, आणि एक दिवस वडाळ्याला आणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालयही पाहून आले. काचेमागची जुनी तिकिटं बघताना ट्रामवर कंडक्टर असलेल्या आजोबांची, आपल्या अण्णांची, फार आठवण आली.

अण्णांचं ते वाक्य आठवतं ना, "आमच्या आधी नऊशे घोडे ही नोकरी करायचे"? कॉलेजात असताना मी तुमच्याशी वाद घातला होता, मुंबईत नऊशे घोडे मावतील कुठे म्हणून. बाबा, तो आकडा खरा आहे. ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा कंपनीच्या तबेल्यात नऊशे घोडे होते. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुनीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुनीलाच. भाडं तीन आणे, आणि तिकीट नव्हतंच! पुढे भाडं दोन आण्यांवर आलं, आणि फुकटे प्रवासी वाढले म्हणून त्याच वर्षी तिकिटं सुरू केली. कंडक्टरच्या घरातल्या आपल्याला हे माहीत असायला हवं होतं. आता त्याच काळबादेवीच्या पोटातून मेट्रो धावते. मी मुद्दाम एकदा तिथे उतरून वर आले आणि थोडा वेळ रस्त्याकडे बघत उभी राहिले.

विजेची ट्राम ७ मे १९०७ ला आली आणि १९२० मध्ये दुमजली. तुमची ट्राम ती. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळावी म्हणून तुम्ही आणि काका भांडायचात, ती. ओजसला मी वाटेत हे सगळं सांगत होते, पण त्याला सगळ्यात आवडला तो तुमचा खट-खटचा किस्सा. शेवटच्या थांब्यावर ट्राम वळायची नाही. ड्रायव्हर हँडल काढून दुसऱ्या टोकाला जायचा, कंडक्टर दोरी धरून वरचा दांडा फिरवायचा, आणि तुम्ही पोरं आतून पळत जाऊन बाकांच्या पाठी पलीकडे ढकलायचात. खट, खट, खट. हे सांगताना तुमचा उजवा हात अजून आपोआप पुढे जातो, तळवा उघडा, अंगठा बाहेर. ओजसने लालबागच्या फुटपाथवर अगदी तसाच हात केला. त्याला मी शिकवलं नव्हतं, बाबा. तुमचंच बघून आलंय.

ट्राम का बंद झाली, याचं उत्तर मला एका वाक्यात मिळालं नाही. १९५३ पासून एकेक मार्ग बंद होत गेला. बस हवी तिथून वळते. ट्रामपुढे हातगाडी अडकली की मागच्या सगळ्या ट्रामा उभ्या. पण तुम्ही म्हणता ते मला जास्त पटतं, "ट्राम हळू नव्हती, तिच्या वाटेत गाड्या आल्या." रूळ उखडले तरी गर्दी काही कमी झाली नाही. परळला रात्री अकरा वाजतासुद्धा रस्ता ओलांडायला आम्हाला पाच मिनिटं लागली.

लालबागला तुमची चाळ होती तिथे आता टॉवर आहे, पण नाक्यावर आम्ही थांबलो. शेवटच्या ट्रामच्या रात्री अण्णांची ड्यूटी नव्हती, तरी खाकी कपडे चढवून, बिल्ला लावून ते तुम्हाला घेऊन रस्त्यावर येऊन उभे राहिले. खचाखच भरलेली ट्राम समोरून गेली. घरी आल्यावर आजी कपडे धुवायला मागत होती तर अण्णा म्हणाले, "राहू दे, उद्या बसवर जायचंय." लहानपणी ऐकताना मला यात काहीच वाटायचं नाही. परवा त्या नाक्यावर उभी असताना डोळे भरून आले.

साडेबाराला दादर टीटीला पोचलो. ओजसने विचारलं, टीटी म्हणजे काय? ट्राम टर्मिनस, म्हटलं. तो रोज तिथूनच क्लासला जातो.

बाबा, मला माफ करा. आणि एक काम करायचंय. मे महिन्यात सुट्टी लागली की तुतारी एक्सप्रेसने दादरला या, तिकिटं मी काढते. आई, तुझ्या गुडघ्यासाठी खालचा बर्थ बघते आणि स्टेशनवर मी घ्यायला येईनच. आपण बाबांना आणिकला नेऊ, आणि मग रोज थोडं थोडं ते सांगतील तसं ओजस वहीत लिहून घेईल. वही त्याने आणूनही ठेवली आहे. पहिल्या पानावर त्याने अण्णांचा बिल्ला नंबर लिहायला जागा सोडलीय. बाबा, तुम्हाला तो आठवतो का? आठवत असला तर पत्राच्या उत्तरात कळवा.

तुमची,
मनू